नागासाकी : आठ तासांचा मुक्काम

१८९३ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस स्वामी विवेकानंद मुंबईच्या बंदरातून अमेरिकेस जाण्यासाठी निघाले. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग अशी बंदरे घेत त्यांची बोट जपानला पोहोचली आणि जपानच्या भूमीवर त्यांचे पाऊल प्रथम पडले ते नागासाकीस. बोटीचा मुक्काम तेथे काही तासांचाच होता. तेवढ्या अवधीत स्वामीजी गावातून गाडीने एक फेरी मारून आले. पुढे योकोहामाहून मद्रासच्या शिष्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या फेरीचा उल्लेख केला आणि जपानी लोकांच्या स्वच्छतेची मुक्तकंठाने स्तुती केली. ते पत्र पुढे हिंदुस्थानभर वाचले गेले. बंदरात घटकाभर उतरणाऱ्या प्रवाशाची नजर किती दूरवर परिणाम करते, याचे हे एक उत्तम उदाहरण होय.

आज नागासाकीस येणारी प्रवासी जहाजे त्या काळच्या बोटींहून कितीतरी प्रचंड असतात. एकेका जहाजातून दोन-दोन, तीन-तीन हजार माणसे सकाळी धक्क्यावर उतरतात आणि दिवस मावळण्यापूर्वी पुन्हा जहाजावर चढतात. हाताशी असतात जेमतेम आठ तास. या नगरीचे नाव ऐकताच जगातील बहुतेकांच्या मनात एकच दिवस उभा राहतो : ९ ऑगस्ट १९४५. म्हणून पुष्कळसे प्रवासी धक्क्यावरून थेट अणुबाँब संग्रहालयाकडे जातात, दोन तासांनी सुन्न होऊन बाहेर पडतात आणि उरलेला वेळ खरेदीत घालवून जहाज गाठतात. त्यांची भावना खरी असते यात संशय नाही. परंतु जे नगर आपण पाहिलेच नाही, त्याच्या नाशाचे मोजमाप मनाला कसे व्हावे? घर पाहिल्यावाचून त्याची राख पाहिली, तर ती कोणत्याही घराची राख वाटते. म्हणून ज्याला आठ तासच मिळाले आहेत, त्याने आधी जुने नागासाकी पाहावे आणि उराकामीचे खोरे शेवटी पाहावे. हा क्रम सोयीसाठी नाही. त्यामागे या गावाच्या भूगोलाचे आणि दैवाचे एक कारण आहे. ते शेवटी उलगडते.

नागासाकीचे बंदर म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेला समुद्राचा एक लांबट, चिंचोळा हात आहे. जहाज प्रथम मेगामी पुलाखालून जाते. मेगामी म्हणजे देवी. हा पूल २००५ साली वाहतुकीस खुला झाला. पूल मागे पडला की डाव्या हातास गोदीचा पसारा दिसू लागतो. तेथे १९०९ साली उभारलेली एक प्रचंड यारी आहे. ती दीडशे टनांचे ओझे उचलू शकते आणि शतक उलटून गेले तरी अजून कामात आहे. याच गोदीत जपानी आरमाराची ‘मुसाशी’ ही महाकाय युद्धनौका बांधली गेली आणि १९४० साली पाण्यात सोडली गेली. याच गोदीत बांधलेली ‘डायमंड प्रिन्सेस’ ही प्रवासी बोट २००४ साली समुद्रात गेली. म्हणजे युद्ध आणि सहल या दोन्हींची जहाजे एकाच पाळण्यात वाढली. उजव्या हातास माट्सुगाएचा धक्का लागतो. तेथून गाव इतके जवळ आहे, की वाहनाची गरजच पडत नाही.

येथे चढण फार. सपाट जमीन थोडी, म्हणून घरे डोंगराच्या कुशीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेली आहेत. डोंगरांच्या दोन रांगांमधून दोन नद्या बंदराकडे येतात : पूर्वेकडून नाकाशिमा आणि उत्तरेकडून उराकामी. दोहोंच्या मध्ये कोंपिरा नावाचा ३६६ मीटर उंचीचा डोंगर आहे. कोंपिरा हा जपानातील खलाशांचा रक्षक देव. त्याचे नाव संस्कृतातील ‘कुंभीर’ या शब्दावरून, बौद्ध धर्माच्या वाटेने, तेथवर गेले. या डोंगराची खूण प्रवाशाने मनात ठेवावी.

धक्क्यापासून काही मिनिटांच्या अंतरावर ओउरा या नावाची टेकडी आहे. १८५९ साली हे बंदर पाश्चात्त्य व्यापारास खुले झाले, तेव्हा परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती येथे झाली. टॉमस ग्लोव्हर या स्कॉटिश व्यापाऱ्याने १८६३ साली बांधविलेला बंगला टेकडीवर अजून उभा आहे. पाश्चात्त्य धाटणीचे लाकडी घर म्हणून जपानात याहून जुने दुसरे नाही. त्याच्या ओसरीवरून अवघे बंदर तळहातावर ठेवल्यासारखे दिसते. टेकडीच्या पायथ्याशी, चढत्या रस्त्याच्या टोकाला, ओउराचे शुभ्र देऊळ आहे. हे ख्रिस्ती देऊळ १८६४ साली पुरे झाले. ज्या सव्वीस हुतात्म्यांना ते वाहिलेले आहे, त्यांचे वधस्थान बंदराच्या पलीकडच्या अंगास होते. म्हणून देवळाचे तोंड त्या दिशेला ठेवलेले आहे.

या देवळात १७ मार्च १८६५ रोजी एक विलक्षण गोष्ट घडली. जपानात ख्रिस्ती धर्मावर १६१४ पासून बंदी होती. तो धर्म त्या देशातून नामशेष झाला, असाच सर्वांचा समज होता. त्या दिवशी उराकामी गावचे काही शेतकरी देवळात आले. त्यांच्यातल्या एका स्त्रीने पेतीजाँ नावाच्या फ्रेंच धर्मगुरूच्या जवळ जाऊन हळूच सांगितले, की आमचेही अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. त्यानंतर तिने मेरीची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. अडीचशे वर्षे, सात पिढ्या, धर्मगुरूवाचून आणि ग्रंथावाचून या लोकांनी आपली प्रार्थना तोंडोतोंडी जपली होती. परंतु बंदी तेव्हा उठलेली नव्हती. दोनच वर्षांनी उराकामीच्या या लोकांची धरपकड झाली आणि तीन हजारांहून अधिक माणसांना घरदार सोडून दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार व्हावे लागले. १८७३ साली बंदी उठली, तेव्हा वाचले ते परतले. उराकामी हे नाव येथे प्रथम भेटते आणि दिवसअखेर पुन्हा भेटते.

ओउराहून ट्रामगाडी घ्यावी. नागासाकीची ट्राम १९१५ सालापासून चालते. गाव चिंचोळे असल्यामुळे तिचे चार-पाच मार्ग सारे गाव जोडतात. काही थांबे गेले, की देजिमा येते.

देजिमा म्हणजे ‘बाहेर आलेले बेट’. १६३४ ते १६३६ या काळात नागासाकीच्या पंचवीस व्यापाऱ्यांनी सरकारी हुकुमावरून, स्वतःच्या पैशाने, समुद्रात भर टाकून हे पंख्याच्या आकाराचे बेट तयार केले. त्याचे क्षेत्र सुमारे दीड हेक्टर. बांधले ते पोर्तुगीजांना कोंडून ठेवण्यासाठी. परंतु १६३९ साली पोर्तुगीजांना देशातूनच घालवून देण्यात आले, आणि १६४१ मध्ये डच, म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतले वलंदेज, तेथे आणून बसविण्यात आले. याच वलंदेजांच्या कंपनीची वखार कोकणात वेंगुर्ल्यासही होती आणि तिचे पडके अवशेष अजून तेथे दिसतात. पाश्चात्त्य जगापुरते पाहिले, तर दोनशेहून अधिक वर्षे जपानचा एकमेव दरवाजा तो देजिमाचा.

त्या दरवाजावर पहारा असे. डच माणसे डझन-दीड डझन असत आणि परवानगीवाचून त्यांना पूल ओलांडता येत नसे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जाकार्ताहून, उन्हाळ्यात जहाजे येत आणि शरद ऋतूत परत जात. कच्चे रेशीम, साखर आणि हिंदुस्थानी कापड येई. तांबे, कापूर आणि चिनी मातीची भांडी जात. छापील हिंदुस्थानी कापडाला जपानी भाषेत ‘सारासा’ हे नाव रूढ झाले. घरांच्या लाकडाला लावण्याच्या तांबड्या रंगाला ‘बेंगारा’ म्हणतात, ते बंगालच्या नावावरून. मालाबरोबर आणखी एक वस्तू न चुकता येई, ती म्हणजे बातमी. जहाज आले, की वखारीच्या मुख्याने जगात काय चालले आहे ते सांगावे, दुभाष्यांनी ते जपानीत लिहावे आणि तो कागद एदोस, म्हणजे आजच्या तोकियोस, राज्यकर्त्यांकडे जावा, असा शिरस्ता होता. दार अरुंद ठेवले, तरी कान बंद केले नव्हते.

हे दुभाषे वंशपरंपरेने काम करीत. वैद्यक, ज्योतिष, तोफा, नकाशे यांविषयीच्या डच पुस्तकांतून एक नवी विद्याशाखाच जपानात निर्माण झाली. १७७४ साली एदोमध्ये शरीररचनाशास्त्राच्या एका डच ग्रंथाचे जपानी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि तेथील वैद्यकास नवी दिशा मिळाली. १८२३ साली सीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर देजिमाच्या वखारीत आला. त्याला गावाबाहेर नारुताकी येथे शाळा चालविण्याची मुभा मिळाली आणि देशभरातून तरुण वैद्य त्याच्याकडे येऊ लागले. पुढे निषिद्ध नकाशे त्याच्याजवळ सापडले आणि १८२९ मध्ये त्याची हकालपट्टी झाली. त्याची जपानी पत्नी आणि लहानगी मुलगी इने मागे राहिली. ही इने पुढे वैद्यकी शिकली आणि पाश्चात्त्य वैद्यक करणाऱ्या जपानातील पहिल्या स्त्रियांत गणली गेली.

आज देजिमा बेट राहिलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भोवतालच्या समुद्रात भर पडत गेली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते गावाच्या पोटात गडप झाले. अलीकडे नगरपालिकेने जमीन खणून, जुनी चित्रे व नोंदी तपासून, वखारी, मुख्याचे घर, दरवाजे पुन्हा जसेच्या तसे उभे केले. २०१७ साली मुख्य दरवाजासमोर नवा पूल झाला. १३० वर्षांनी पुन्हा पूल ओलांडून देजिमात जाता येऊ लागले. प्रवासी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-तीन मिनिटांत चालून जातो. एवढ्याच जागेत माणसे वर्षांमागून वर्षे राहिली, हे ध्यानात येते तेव्हा आठ तास आणि अवघे नगर ही फार मोठी सवलत वाटू लागते.

देजिमाजवळून वाहणारी नदी नाकाशिमा. तिच्या काठाने वर चालत गेले, की दगडी पुलांची एक मालिका लागते. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध मेगानेबाशी, म्हणजे चष्म्याचा पूल. १६३४ साली एका चिनी भिक्षूने तो बांधविला. दोन कमानी आणि पाण्यातले त्यांचे प्रतिबिंब मिळून चष्म्याचा आकार होतो. जपानातील दगडी कमानीच्या पुलांत हा सर्वांत जुना मानला जातो. २३ जुलै १९८२ च्या रात्री अतिवृष्टी होऊन नदीला भयंकर पूर आला. त्या आपत्तीत नागासाकी प्रांतात सुमारे तीनशे माणसे दगावली. कित्येक जुने पूल वाहून गेले आणि मेगानेबाशीचा बराच भाग ढासळला. रुंद नदीला जुना पूल अडसर होतो, म्हणून तो काढून टाकावा, असाही विचार पुढे आला होता. नागरिकांनी तो मान्य केला नाही. वाहून गेलेले दगड शोधून काढून पूल पूर्ववत बांधला गेला आणि पुराच्या पाण्यासाठी दोन्ही काठांना वेगळे मार्ग काढण्यात आले.

दुपारच्या भोजनासाठी जवळच चिनी लोकांची जुनी पेठ आहे. चिनी व्यापाऱ्यांना १६८९ पासून कुंपणाच्या आत वेगळी वस्ती नेमून दिलेली होती, आणि डचांपेक्षा त्यांची संख्या कितीतरी मोठी होती. या गावचे आवडते पक्वान्न ‘चाम्पोन’ हेही त्यांचेच. शेवया, भाज्या, मासे आणि डुकराचे मांस यांचा हा रस्सेदार प्रकार फूच्येनहून आलेल्या एका उपाहारगृहवाल्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिनी विद्यार्थ्यांसाठी काढला. शाकाहारी माणसाने ‘कासुतेरा’वर समाधान मानावे. अंडी, साखर आणि पीठ यांची ही पिवळीधमक वडी पोर्तुगीजांनी शिकविली. तीत अंडी असतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. आणखी एक शब्द गोमंतकीयाच्या कानाला ओळखीचा वाटतो. जपानी लोक भाजलेल्या भाकरीला ‘पान’ म्हणतात. ज्या पोर्तुगीज शब्दाचा आपल्याकडे पाव झाला, त्याचाच तेथे पान झाला. एकाच भट्टीतला शब्द दोन किनाऱ्यांना लागला.

हा शब्द ज्या वाटेने गेला ती वाट गोव्यातूनच जात होती. १५७१ साली ओमुरा सुमितादा या सरदाराने नागासाकीचे बंदर पोर्तुगीजांना खुले करून दिले, तेव्हा येथे एक लहानशी वस्ती होती. त्यानंतर दरवर्षी गोवा, मलाक्का, मकाव अशी बंदरे घेत पोर्तुगीजांचे मोठे व्यापारी जहाज येथे येऊ लागले. त्या सफरीचा कप्तान गोव्याच्या व्हाइसरॉयकडून नेमला जाई. १५८२ साली चार जपानी मुले येथून युरोपच्या यात्रेस निघाली. जाताना आणि येताना त्यांचा गोव्यास मुक्काम झाला. परतीच्या वेळी, १५८७ साली, त्यांच्यातल्या हारा मार्तिन्यो याने गोव्यात लॅटिन भाषेत भाषण केले आणि पुढील वर्षी ते गोव्यातच छापले गेले. १५९० मध्ये ही मंडळी नागासाकीस पोहोचली, तेव्हा त्यांच्याबरोबर छापखाना होता.

परंतु तोवर वारे फिरले होते. तोयोतोमी हिदेयोशीने १५८७ मध्ये पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता. दहा वर्षांनी त्याने तो रक्ताने लिहिला. प्रवाशाने ट्रामने रेल्वे स्टेशनापर्यंत जावे. तेथून पाच मिनिटांच्या चढणीवर निशिझाका ही टेकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांतले वीस जपानी होते. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. क्योतोमध्ये त्यांच्या डाव्या कानांचा तुकडा कापण्यात आला आणि भर हिवाळ्यात त्यांना दूरवरून चालवीत येथे आणले गेले. ज्या गावात ख्रिस्ती वस्ती अधिक, तेथेच शिक्षा व्हावी म्हणजे दहशत बसेल, असा त्यामागचा हिशेब होता.

१९६२ साली उभारलेल्या स्मारकावर सव्वीस जणांच्या ब्राँझच्या आकृती एका ओळीत आहेत. त्यांतला एकजण वसईचा आहे. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज आणि आई कोकणातली, असे परंपरा सांगते. लहानपणीच तो पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तेथील भाषा शिकला, पुढे मकावमध्ये व्यापारात पडला आणि शेवटी मनिला येथे फ्रान्सिस्कन पंथात शिरला. १५९३ साली हिदेयोशीच्या भेटीस जे फ्रान्सिस्कन आले, त्यांचा दुभाषा तोच होता. चार वर्षांनी तो त्यांच्याबरोबरच मरणाला सामोरा गेला. १८६२ मध्ये पोपने या सव्वीस जणांना संतपद दिले. हिंदुस्थानात जन्मून कॅथलिक चर्चचे संतपद लाभलेला पहिला मनुष्य म्हणून गोन्सालो गार्सियाचे नाव घेतले जाते. चिमाजी अप्पांच्या पराक्रमामुळे वसई प्रत्येक मराठी माणसास ठाऊक आहे. त्याच वसईत या संताच्या नावाचे चर्च आणि महाविद्यालयही आहे. तरीही नागासाकीस उतरणाऱ्या किती हिंदी प्रवाशांना हे माहीत असते? ते स्टेशनावरून संग्रहालयाकडे जातात, आणि टेकडीवरचा कोकणपुत्र तसाच मागे राहतो.

पुन्हा ट्राम. गाडी उत्तरेकडे वळते आणि काही मिनिटांत उराकामीच्या खोऱ्यात शिरते. येथे डोंगर थोडे मागे सरतात, रस्ते रुंद होतात, इमारती एकाच वयाच्या दिसू लागतात. सकाळपासून शेकडो वर्षांची घरे, पूल, देवळे पाहत आलेल्या माणसाला हा फरक कोणी सांगावा लागत नाही. ज्याने जुने गाव पाहिलेच नाही, त्याला तो दिसतच नाही.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी अमेरिकेचे विमान दुसरा अणुबाँब घेऊन निघाले, तेव्हा त्याचे लक्ष्य नागासाकी नव्हते. लक्ष्य होते कोकुरा. तेथे ढग आणि धूर यांमुळे जमीन दिसेना. तीनदा घिरट्या घालून विमान दक्षिणेकडे वळले. नागासाकीवरही ढग होते. ठरल्याप्रमाणे बाँब टाकायचा होता तो जुन्या गावाच्या मध्यावर, नाकाशिमा नदीच्या परिसरात, म्हणजे सकाळी प्रवासी ज्या काठाने चालला त्याच बाजूस. ढगांमध्ये क्षणभर फट दिसली ती उराकामीवर, ठरल्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटर दूर. अकरा वाजून दोन मिनिटांनी, जमिनीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर, स्फोट झाला. सुमारे दोन लाख चाळीस हजार वस्तीच्या त्या नगरात वर्षअखेरपर्यंत सुमारे ७४,००० माणसे मृत्यू पावली आणि जवळजवळ तितकीच जखमी झाली.

मध्ये कोंपिराचा डोंगर आडवा होता. त्याच्या पाठीमागे ओउराचे देऊळ, ग्लोव्हरचा बंगला, चष्म्याचा पूल वाचले. म्हणजे प्रवाशाने सकाळपासून जे जे पाहिले, ते एका ढगाने आणि एका डोंगराने राखले. त्याची किंमत खोऱ्यातल्या माणसांनी मोजली. हे कळण्यासाठीच आधी जुने गाव पाहावयाचे आणि नंतर उराकामीस यावयाचे.

आणि ती माणसे कोण होती? त्यांत शाळकरी मुले होती, वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर आणि विद्यार्थी होते, शस्त्रांच्या कारखान्यांतले मजूर होते. त्यांत बळजबरीने आणलेले कोरियन होते आणि जपान्यांच्या कैदेतले दोस्त सैनिक होते. जपानने आशियात चालविलेल्या युद्धाची साधने या खोऱ्यात तयार होत होती, हेही खरेच. परंतु अडीचशे वर्षे लपूनछपून प्रार्थना जपणारे, हद्दपारीतून परतलेले, त्यांचीही नातवंडे-पतवंडे येथेच राहत होती. त्यांनी पै-पै जमवून ज्या जागी पूर्वी त्यांना धर्मद्रोहाबद्दल जाब द्यावा लागे, त्याच भूमीवर भले थोरले लाल विटांचे देऊळ उभारले होते. ते १९१४ साली पुरे झाले. स्फोटाच्या केंद्रापासून ते सुमारे ५०० मीटरांवर होते. उराकामीच्या सुमारे बारा हजार ख्रिस्ती रहिवाशांपैकी साडेआठ हजार त्या बाँबने गेले. जे काम राजाज्ञांना अडीचशे वर्षांत साधले नाही, ते एका क्षणात झाले, आणि तेही ख्रिस्ती राष्ट्राच्या हातून.

१९९६ साली बांधलेल्या संग्रहालयात अकरा वाजून दोन मिनिटांवर थांबलेले घड्याळ आहे. वितळलेल्या बाटल्या आहेत. वितळलेल्या जपमाळा आहेत. तेथे घाई करू नये, आणि छायाचित्रांची हौस आवरावी. बाहेर शांतता उद्यानात १९५५ सालचा किताामुरा सेइबो या शिल्पकाराचा जवळजवळ दहा मीटर उंचीचा पुतळा आहे. त्याचा उजवा हात आकाशाकडे, जेथून संकट आले तेथे, बोट दाखवितो. डावा हात शांततेसाठी आडवा पसरलेला आहे. डोळे मिटलेले आहेत. जवळच एक कारंजे आहे. भाजलेली माणसे ‘पाणी, पाणी’ करीत मेली, म्हणून ते पाणी त्यांच्यासाठी १९६९ पासून उडते आहे.

वेळ उरला, तर सान्नो या शिंतो देवस्थानाकडे जावे. स्फोटाने त्याच्या दगडी तोरणाचा एक खांब पाडला. दुसरा खांब अर्धे तोरण डोक्यावर घेऊन आजही एका पायावर उभा आहे. आवारात कापराची दोन पुरातन झाडे आहेत. तीही जळून काळी पडली होती. काही काळाने त्यांना पुन्हा पालवी फुटली आणि आज त्यांच्या सावलीत लोक बसतात.

उराकामीचे देऊळ १९५९ मध्ये त्याच जागी पुन्हा बांधले गेले. जुन्या देवळाच्या दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून शाबूत निघाली, दुसरी फुटून गेली. ऐंशी वर्षे एकाच बुरुजात घंटा होती. अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी जमवून दुसरी घंटा दिली. ९ ऑगस्ट २०२५ रोजी अकरा वाजून दोन मिनिटांनी त्या दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. ज्या देशाने घंटा फोडली, त्याच देशातल्या सामान्य माणसांनी ती भरून दिली, ही गोष्ट लहान नाही. बाँबमधून वाचलेल्यांना जपानीत ‘हिबाकुशा’ म्हणतात. त्यांनी १९५६ साली याच नागासाकीत आपली देशव्यापी संघटना स्थापली. तिला २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. अण्वस्त्र पुन्हा कोणावरही पडू नये, एवढेच मागणे ही माणसे जन्मभर करीत आली. आज त्यांची संख्या वर्षानुवर्षे घटते आहे. ज्यांनी ते पाहिले, ते थोड्याच काळात राहणार नाहीत. मग ती साक्ष देणार कोण? ती देणाऱ्यांत आठ तासांसाठी उतरलेले परदेशी प्रवासीही असतील, आणि म्हणूनच त्यांनी काय पाहिले व कसे पाहिले याला महत्त्व आहे.

साडेतीनच्या सुमारास परतीची ट्राम धरली, की वेळेवर धक्का गाठता येतो. गाडी पुन्हा स्टेशनावरून, निशिझाकाच्या पायथ्यावरून, देजिमासमोरून जाते. सकाळी नुसती नावे असलेल्या या जागा आता ओळखीच्या झालेल्या असतात. जहाज सुटते आणि डाव्या हाताला ओउराची टेकडी मागे पडू लागते. मागे वळून पाहिले, तर कोंपिराचा डोंगर दिसतो. त्याच्या अलीकडचे गाव प्रवाशाने पाहिले आणि पलीकडचेही. घरी परतल्यावर कोणी विचारील, ‘नागासाकीत काय पाहिले?’ त्याने दोन्ही सांगावे.